वेलात पाय घालायचा नाही

मला कोणी 'निसर्गप्रेमी' म्हटलं की माझं डोकं फिरतं. प्रेमाने मी चार-दोन वेळा लिहिलं असेल. एरवी तलावांवर, पाखरांवर, रानावर जे काही लिहिलं ते रागाने लिहिलं. रागाला आपल्याकडे उगाच वाईट म्हणतात, आणि बाईच्या रागाला तर फारच. पण राग नसता तर मी पहिल्याच वर्षी गप्प बसले असते आणि भंडाऱ्याच्या भाड्याच्या खोलीत स्वेटर विणत सुखाने राहिले असते.

लिहायला लागले ती सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. नागपूरच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीला मी लेख पाठवला, आमच्याकडच्या तलावावर थंडीत उतरणाऱ्या बदकांचा. संपादकांचं कार्ड आलं की लेख चांगला आहे, पण यात वाघ नाही. भंडारा जिल्हा म्हटला की वाचकाला वाघ लागतो, एखादी शिकारकथा असेल तर पाठवा. मी उलट टपाली कळवलं की वाघ मी पाहिलेला नाही, न पाहिलेलं मी लिहीत नाही आणि बदकालाही जीव असतो. लेख छापून आला. मग महिन्यातून दोनदा सदर सुरू झालं. संपादक पुढे कोणालाही माझी ओळख 'आमच्या बदकवाल्या बाई' अशी करून द्यायचे आणि माझ्याकडे हळूच बघायचे. मला त्या नावाचा कधी राग आला नाही.

मी पेशाने शाळामास्तरीण. वडील जवाहरनगरला फॅक्टरीत होते आणि मी तिथल्या क्वार्टरात वाढले. सकाळी फॅक्टरीच्या बसेस निघून गेल्या की कॉलनी शांत व्हायची आणि मागच्या झुडपांत तितर बोलायचे. माझी सुरुवात तिथली. छप्पन साली आमच्या घराने धम्म स्वीकारला तेव्हा मी लहान होते. त्यानंतर वडिलांनी घरात एकच नियम ठेवला : कुठेही जायचं तर हक्काने जायचं, चोरासारखं जायचं नाही. माझ्या आजीला तिच्या गावच्या तलावावर घाट मोकळा नव्हता. गुरं उतरायची त्या बाजूला तिला पाणी भरावं लागे. तिची नात गळ्यात दुर्बीण अडकवून तलावांच्या पाळीवरून फिरते आणि वर वर्तमानपत्रात लिहिते, हे पुष्कळांना खुपायचं. "तुमच्या लोकांचं तलावावर काय काम?" असं एका गृहस्थांनी मला तोंडावर विचारलं. मी म्हटलं, "आजीचं पाणी प्यायचं राहिलंय, ते पिऊन घेते."

माझी शाळा वैनगंगेवरचा कारध्याचा पूल ओलांडल्यावर बरंच आत, एका तलावाच्या गावात होती. मी सायकलने जायची. गावाचं आणि तलावाचं नाव मी तेव्हा एकाही लेखात लिहिलं नाही. नाव छापलं की पुढच्या रविवारी तिथे जीप उभी राहते, हे मला लवकर कळलं होतं.

तलाव जुन्या मालगुजारांच्या काळातला. मातीची रुंद पाळ, पाळीवर कहू आणि मोहाची झाडं, पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. पाणी धानाचं, पण पाण्यात पिकणारं सगळं ढिवरांचं, म्हणजे आमच्याकडच्या मासेमारांचं. त्यांची चार-पाच घरं ठेक्याने तलाव घेऊन त्यात शिंगाडा लावायची. पावसाळ्यात वेल लावले की दिवाळीच्या सुमाराला अर्धा तलाव हिरव्या पानांनी झाकून जायचा आणि मग संक्रांतीपर्यंत तोडणी चालायची. लाकूड कोरून केलेल्या अरुंद डोंग्यात बायका पाय दुमडून बसायच्या, हातानेच पाणी मारत वेलातून सरकायच्या, एकेक वेल उचलून खालचा शिंगाडा खुडायच्या. या लोकांचा एक नेम होता. लावणी झाली की शेवटच्या तोडणीपर्यंत वेलात पाय घालायचा नाही. काही पडलं तरी नाही, कितीही मोलाचं असलं तरी नाही. चिखलात पाय पडला की वेल मुळापासून उपटतो आणि एकाचा तुटला की गुंतलेले दहा ओढले जातात. एकदा एका सुनेची चांदीची पाटली पाण्यात पडली, ती संक्रांतीनंतरच वर आली. तोपर्यंत ती बिचारी मोकळ्या हाताने वावरली आणि सासूने तिला रोज ऐकवलं, पण पाण्यात कोणी उतरलं नाही.

त्या घरांत एक बाई होती, चाळिशीची, अंगाने आडवी. पाळीच्या त्या टोकाला बोलली तरी शाळेत ऐकू यावं असा आवाज. मी मनात तिला डोंगेवाली म्हणायची. पहिल्या हिवाळ्यात मी तिला विचारलं, मला डोंग्यातून एकदा नेता का? बदकं जवळून बघायची आहेत. ती माझ्याकडे खालून वर बघून म्हणाली, "तुमी काठावरूनच पाहा जी बाई. डोंगा पलटते." डोंगा पलटतो हे खरंच होतं. पण नाही म्हणण्याचं तेवढंच कारण होतं का, ते मला कळलं नाही. माझ्यासारख्या घरात वाढलेल्या माणसाला अशा वेळी दोन कारणं दिसतात. मी काठावरून बघत राहिले.

आणि एक गोष्ट सांगून टाकते. डोंगेवालीला पाखरं अजिबात आवडायची नाहीत. कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे चांदवे आणि जांभळ्या पाणकोंबड्या शिंगाड्याच्या वेलाची नासाडी करायच्या. माझ्या आवडत्या तलवार बदकांनी तिचं काही बिघडवलं नव्हतं, पण तिच्या लेखी पाण्यावरचं सगळं एकाच माळेचे मणी. मी दुर्बीण लावली की ती लांबून ओरडायची, "पाहा, पाहा! तुमचे सोयरे माहे शिंगाडे खाऊन राहिले!" असली माणसं निसर्गाची मित्र असतात वगैरे मी कधी लिहिलं नाही. ती कोणाची मित्र नव्हती. ती शिंगाडेवाली होती.

तर अशा या तलावावर थंडीत दर रविवारी जीप यायची. जिल्ह्याच्या ठिकाणी बसणारे एक वजनदार साहेब, त्यांचे दोन मित्र आणि बंदूक. साहेब कोणत्या खात्याचे ते सांगत नाही. खातं बिचारं जागेवर आहे, साहेब गेले. शिकारीबद्दल नवा कायदा आला होता, पण कायदा भंडाऱ्याहून निघाला की कारध्याच्या पुलावर दमायचा, आमच्या गावापर्यंत पोचायचा नाही. साहेब आले की गावातले मानकरी चहा घेऊन पाळीवर हजर. मग हुकूम सुटायचा, "पाणी खाली करा." म्हणजे बायकांनी डोंगे घेऊन बाहेर यायचं. छर्रे उडायचे, बदकं पडायची आणि पडलेली आणायला पुन्हा याच बायकांना पिटाळलं जायचं. एखादं जखमी बदक मान वर करून वेलात शिरायचं ते मी दुर्बिणीतून बघत राहायची. सोमवारी शाळेत मला मुलांवर ओरडल्याशिवाय राहवायचं नाही, आणि ओरडले की स्वतःचीच लाज वाटायची.

मी लेख लिहिला. कोणाचं नाव नाही, गावाचं नाव नाही, फक्त रविवारची बंदूक. साहेबांनी तो वाचला आणि आमच्या हेडमास्तरांना निरोप दिला, "बाई छान लिहितात. एकदा बदक चाखूनही बघा म्हणावं." हेडमास्तर भला माणूस, पण निवृत्ती जवळ आलेला. ते मला म्हणाले, "बाई, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये." मी म्हटलं, "सर, मला पाण्यात कोणी येऊ देत नाही. मी काठावरच असते." ते हसले आणि कपाळावर हात मारून वर्गावर गेले.

लेखाने काही झालं नाही. झालं ते सोमवारच्या बाजारामुळे. आमच्याकडे मोठा बाजार सोमवारचा. रविवारी शिंगाडा तोडायचा, संध्याकाळी मोठ्या गंजात उकडायचा आणि सोमवारी काळाभोर, ताजा माल घेऊन बाजारात बसायचं. रविवारी साहेब पाणी खाली करायला लागले म्हणून तोडणी शनिवारवर आली. शनिवारचा शिंगाडा सोमवारी मऊ पडायचा. गिऱ्हाईक नख लावून बघायचं आणि शेजारच्या टोपलीकडे सरकायचं. एका सोमवारी बाजारातून जवळपास भरलेली टोपली डोक्यावर घेऊन परत येणारी डोंगेवाली मला रस्त्यात भेटली. मी सायकलवरून उतरले आणि वळून तिच्याबरोबर गावाकडे चालू लागले.

"तुम्ही रविवारी पाण्याबाहेर येताच कशाला?" मी विचारलं.

"बंदूक हाय न त्याच्यापाशी."

"बंदूक बदकांसाठी आहे. माणसावर झाडली तर साहेबाला फाशी होईल."

"थे होईल मंग. आमी त आधीच मरू न बाई!"

आम्ही दोघीही हसलो. गाव दिसायला लागल्यावर एकदम म्हणाली, "एकटी नाई. साऱ्याच गेलो त? सासवा, सुना, पोरी, सारे डोंगे?" आणि माझ्यासमोर बोट नाचवून म्हणाली, "पन आयकून घ्या. तुमच्या बदकासाठी नाई हं. शिंगाड्यासाठी."

मला दोन्ही चालणार होतं.

तो रविवार मला लख्ख आठवतो. ऐंशी साल होतं, दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते. मी सकाळीच सायकल मारत पोचले. काठाचा एक रिकामा डोंगा सोडला तर जेवढे होते तेवढे सगळे डोंगे पाण्यात होते, आणि एका ठिकाणी नव्हते; सगळीकडे पसरले होते. कुठेही बंदूक रोखली तरी पलीकडे एक लुगडं दिसेल असे. जीप आली. चहा आला. हुकूम सुटला. एकही डोंगा हलला नाही. साहेबांनी पुन्हा हाक दिली. बायका वेल उचलत होत्या, शिंगाडे खुडत होत्या, जणू पाळीवर माणूसच नाही.

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, हे तुमचं शिकवणं दिसतं."

"मी तिसरीला शिकवते साहेब," मी म्हटलं, "यांची तिसरी कधीच झालीय."

त्यांनी हवेत बार काढला. बदकांचा थवा उठला आणि दूर नदीकडे गेला. पाण्यावर क्षणभर सगळं थांबलं. मलाही वाटलं, झालं, आता त्या बाहेर येणार. तेवढ्यात डोंगेवालीचा आवाज आला, "फटाके दिवारीत फोडतेत जी साहेब! दिवारी त झाली!" साऱ्या तलावावर बायका हसल्या. सासवा हसल्या, सुना तोंडाला पदर लावून हसल्या. चहा घेऊन उभे असलेले मानकरीसुद्धा खाली बघून हसले. मी तर मोठ्याने हसले. तेच साहेबांना सहन झालं नाही.

काठाला तो रिकामा डोंगा होता. साहेब बूट घालूनच त्यात चढले, एका हातात बंदूक. कोणाला तरी दम भरायला ते स्वतः पाण्यात निघाले होते. "बसा जी, बसा!" पाळीवरून आणि पाण्यातून एकदम आरडाओरडा झाला. डोंग्यात उभं राहायचं नसतं, हे आमच्याकडे रांगत्या पोराला ठाऊक असतं. पण बसून दम कसा भरणार? साहेब उभे राहिले. काठावरून ढकललेल्या डोंग्याने त्यांना वेलापर्यंत नेलं आणि तिथे अगदी सावकाश पाण्यात ओतलं.

पाणी छातीएवढं, पण खाली गुडघाभर गाळ. धरायला गेले तो हातात शिंगाडे आले, आणि शिंगाड्याला दोन काटे असतात. बायकांनीच आपापले डोंगे सरकवून बांबू पुढे केले आणि त्यांना काठावर ओढलं. आमच्याकडच्या लोकांना पाहुणचार सोडवत नाही. कोणीतरी पानावर उकडलेले शिंगाडे आणून पुढे ठेवले. साहेबांनी पानाला हातही लावला नाही. बंदूक पाण्यात राहिली होती. "कोणीतरी उतरा आणि काढा ती," ते म्हणाले.

डोंगेवाली डोंग्यातच बसून होती. म्हणाली, "नाई जमत साहेब. वेलात पाय घालत नाई आमी. शेवटची तोडनी झाली का काढून देऊ. तुमी घातला पाय, तुमाले नारेल फोडा लागते."

एवढं झाल्यावर पुढचं व्हायचंच होतं. हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. साहेबांचा निरोप असा की बाईंनी त्या बायकांना सांगून बंदूक मुकाट्याने पोचती करावी, आणि पेपरात एक अक्षर लिहू नये. नाहीतर बपेरा. बपेरा म्हणजे तुमसरच्याही पुढे, मध्यप्रदेशच्या हद्दीवर. बावनथडी ओलांडली की दुसरं राज्य. तिथून माझा तलाव म्हणजे एसटीने अख्खा दिवस. मला बदलीचं भय नव्हतं, पण तो तलाव मला सोडायचा नव्हता. त्या पाळीवरून चालत मी लिहायला शिकले होते.

शनिवारी जवाहरनगरला गेले. लेख लिहून नेला होता. वडिलांनी चष्मा लावला, सावकाश वाचला, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. मग विचारलं, "यात खोटं काय आहे?"

"काही नाही."

"मग विचारतेस काय?"

लेख गेला आणि छापून आला. नाव कोणाचंच नव्हतं, पण भंडाऱ्यात त्या रविवारी पानठेल्यावर दुसरा विषय नव्हता. बदलीचा हुकूम आठवड्याच्या आत आला. तोही मी गिळला. जे गिळता आलं नाही ते पुढेच होतं. साहेबांनी सगळीकडे सांगायला सुरुवात केली की ही बाई धादांत खोटं लिहिते. आपण त्या गावाला गेलोच नव्हतो. आपली बंदूक कारध्याच्या पुलावरून वैनगंगेत पडली, तसं आपण लेखी कळवलंसुद्धा आहे. पडलो तरी नाक वर म्हणतात ते हेच. डोंग्यातून पडलो हे सांगण्यापेक्षा नदीत बंदूक पाडली हे सांगणं त्यांना सोपं वाटलं. संपादकांवरही दडपण आलं. त्यांनी मला कळवलं, एक तर पुरावा द्या नाहीतर दिलगिरी छापू, दोन्ही नसेल तर सदर तूर्त थांबवावं लागेल.

माझा पुरावा वेलाखाली गाळात होता. पाळीवर उभं राहिलं की जागाही दाखवता आली असती.

मी डोंगेवालीच्या घरी गेले. ती अंगणात शिंगाडे निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. मी खोटी ठरते आहे, माझं लिहिणं बंद होतं आहे, फक्त एकदा कोणीतरी उतरून ती बंदूक काढा. मी विनवलं. आयुष्यात कोणाला विनवलं नव्हतं, तिला विनवलं. तिने हातातला शिंगाडा टोपलीत टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"साहेबासाठी नेम मोडला नाई," ती म्हणाली, "तुमच्यासाठी कायले मोडू?"

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तिच्यासाठी मी नोकरीत मार खाल्ला आणि ही मला साहेबाच्या रांगेत बसवते! सायकल घेऊन निघाले. कारध्याच्या पुलावर आले तेव्हा उतरावं लागलं, रडू आवरेना. खाली वैनगंगा वाहत होती, जिच्यात म्हणे बंदूक पडली होती. तिथे उभी असताना हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेब मोठे म्हणून त्यांच्यासाठी नेम मोडा, आणि बाई आपल्या म्हणून त्यांच्यासाठी मोडा, या दोन मागण्यांत फरक काय? माझ्या आजीला घाटावर येऊ न देणारे लोकही आपल्या माणसांसाठी सगळे नेम वाकवतच होते. हिने कोणासाठीच वाकवला नाही. असा नेम मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि नेमका तो मला नडत होता. राग गेला नाही, पण तो डोंगेवालीवरचा राहिला नाही.

संपादकांना मी लिहिलं, दिलगिरी छापणार नाही, पुरावा संक्रांतीनंतर मिळेल. त्यांनी सदर थांबवलं. मी ट्रंक आणि सायकल एसटीच्या टपावर टाकून बपेऱ्याला गेले.

बपेरा वाईट नव्हतं. शाळा चांगली होती, मुलं अर्धी हिंदी अर्धी मराठी बोलायची, आणि नदीच्या वाळूत टिटव्या होत्या. मुख्य म्हणजे तिथे मला कोणी गप्प राहायला सांगितलं नाही, कारण मी काही बोलेन असंच कोणाला वाटत नव्हतं. मी लिहीत राहिले. छापायला जागा नव्हती तरी लिहीत राहिले. पण दर रविवारी सकाळी माझं मन तलावावर जायचं आणि आज जीप आली असेल का, या काळजीने दिवस खराब व्हायचा.

संक्रांत झाली. कोणीतरी बाजारातून बाजारात निरोप पोचवला की रविवारी शेवटची तोडणी आहे. मी शनिवारीच निघाले. तलावावर पोचले तेव्हा वेल पिवळे पडले होते, अर्धे ओढून काठावर टाकलेले. दुपारी डोंगेवालीने पाण्याला हात जोडले, नारळ फोडला आणि तिचा नवरा व दीर पाण्यात उतरले. फार शोधावं लागलं नाही. बंदूक वर आली ती गाळाने भरलेली, लाकूड फुगलेलं, लोखंड तांबडं झालेलं. तिच्याकडे बघून मला आनंद झाला, हे कबूल करते. वाईट आनंद झाला.

बोलल्याप्रमाणे ते लोक दुसऱ्याच दिवशी बंदूक शिंगाड्याच्या टोपलीत घालून साहेबांच्या बंगल्यावर घेऊन गेले. सोबत गावचे पोलीस पाटील. साहेब बाहेर आले, टोपलीत बघितलं आणि म्हणाले, "ही माझी नाही. माझी नदीत पडली." आपली म्हणाले असते तर आपणच खोटे ठरले असते. पोलीस पाटलांनी मग ती ठाण्यात नेली. तिथे विचारलं, मालक कोण? मालक नाही म्हणतो. मग हे भंगार आमच्याकडे कशाला? पाटील ती परत घेऊन आले आणि तलावाच्या पाळीवर ठेवून कपाळाचा घाम पुसत घरी गेले.

मी हे सगळं संपादकांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं की प्रकरण जुनं झालं, आता कशाला उकरायचं. तेव्हा मी पुन्हा त्या पेपरात लिहिलं नाही. दुसरीकडे लिहिलं, पुढची कितीतरी वर्षं लिहिलं, पण बंदूक सापडल्याची गोष्ट छापून यायची राहिली ती राहिलीच. म्हणून आज लिहिते आहे. साहेब, बंदूक तुमचीच होती.

पुढच्या हिवाळ्यात, दिवाळीच्या सुट्टीत, मी तलावावर गेले. रविवार होता. जीप नव्हती. मी विचारलं तेव्हा कळलं की वर्षभरात एकदा कोणी दुसरेच बंदूकवाले आले होते. पोरांनी त्यांना आधी खुंटा दाखवला, मग सगळी गोष्ट सांगितली, साहेब पडले ते करून दाखवलं, आणि ते लोक चहा न पिताच गेले. कोणता खुंटा? काठाला बघितलं तर बंदुकीची नळी जमिनीत ठोकली होती आणि तिला डोंगा बांधला होता.

पाण्यावर बदकं होती. तलवार बदकं, अडया, आणि चांदवे तर असंख्य. डोंगेवाली मला बघून डोंग्यातूनच ओरडली, "आली का बदकवाली! पाह्य, तुह्या सोयऱ्यांनी यंदा दुप्पट खाल्ले!" ती काठाला आली. मी दुर्बीण काढून नेहमीसारखी पाळीवर उभी राहिले. ती डोंगा धरून थांबली.

"तिथून का दिसते?" ती म्हणाली. "ये."

मी चपला काढल्या. तिने नळीवरची दोरी सोडली. मी डोंग्यात पाय ठेवला तसा तो हलला आणि माझे दोन्ही हात हवेत गेले.

"बस," ती म्हणाली. "उभी नोको राहू."

मी बसले.